पाटील डी., पाटील यू.

“ओ चष्मिस, पाय उचला! धाग्यावर पाय हाय तुमचा!”

त्याने दचकून पाय उचलला… आणि दुसरा नेमका त्याच धाग्यावर ठेवला. उन्नतीचं डोकंच फिरलं.

भिवंडीत धामणकर नाक्यामागे तिच्या अनंताकाकाचा लूमचा कारखाना. पोरगी शाळेत नाव काढील, असं आई सगळ्या कोन गावाला सांगायची. नववीत उन्नती बाईंशी भांडली, आणि शाळेनेच तिचं नाव काढलं. आता एकोणिसाव्या वर्षी ती इथे कापड तपासायची. हजार धाग्यांत एक तुटला तरी तिला लांबून दिसायचा.

चष्मिस म्हणजे राहनाळचा दीपेश पाटील. मुंबईत संशोधन करायचा. भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी, धाग्यातच औषध मुरवलेली. तीच दाखवायला तो कारखान्यात आला होता.

“पण काढताना ओरखडे पडतात,” तो रडवेला होऊन म्हणाला. “चार महिने औषधच बदलतोय.”

उन्नतीने डोळे मिटून पट्टीवरून बोट फिरवलं. “औषधाला काय झालंय? गाठी हायत. धागा तुटला की तुमचा कारागीर जाडी गाठ मारतो. ती टोचते.”

तो बघतच राहिला. पट्टीकडे न्हाय… तिच्याकडे.

मग दर शनिवारी तो यायचा. ती बारीक, चपटी गाठ मारायला शिकवायची. त्याची बोटं अडखळायची, मुद्दामच बहुतेक. लूमच्या खटखटाटात बोलायचं तर कानाशी यावं लागायचं. तो वाकला की तिच्या बटा हलायच्या. खिडकीतल्या उन्हात कापसाची पिसं तरंगायची, हळूच त्याच्या केसांवर बसायची. झटकावीशी वाटायची तिला. झटकायची न्हाय.

“या पट्टीवर लेख लिहिशील, त्यात माझं नाव टाकशील?” तिने एकदा विचारलं.

“टाकीन.”

“बघू. नाव काढणारे लई बघितलेत मी.”

पट्टी जमली. लेखही लिहून गेला. आणि तो यायचा बंद झाला. एक शनिवार, दोन, तीन… फसवलंन मेल्याने! उन्नती सगळ्यांवर खेकसत सुटली. मान मात्र दाराकडेच.

चौथ्या शनिवारी लाइट गेली होती. लूम गप्प. दारात दीपेश, हातात छापलेला लेख.

तिने हिसकावला. इंग्रजी अक्षरं एकेक जुळवली. पाटील डी., पाटील यू.

“हे काय? उन्नतीतला ‘उ’ तेवढा? शाई संपली काय?”

“तशीच पद्धत असते गं. पण आहेस ना?”

होती. छापलेली. त्या ‘यू’वर बोट तसंच ठेवून ती आणखीच ओरडली, “तीन आठवडे कुठं मेला होतास?”

“छापून आल्याशिवाय तोंड दाखवायचं नव्हतं.” तो घुटमळला. “आणि… सर विचारत होते, लग्न कधी केलंस? दोन्ही पाटील ना… नवराबायको वाटलो त्यांना.”

तिचे कान तापले. “मग? सांगितलंस ना, अर्धी भिवंडी पाटील हाय म्हणून?”

त्याने तोंड उघडलं, आणि लाइट आली. लूम एकदम धडाडले. त्या गोंगाटात तो तिच्याकडे बघत हळूच काहीतरी पुटपुटला. कुणालाच ऐकू जाणार न्हाय, अशा भरवशावर.

‘न्हाय सांगितलं. खरं व्हावं असं वाटलं.’

लूमवर वाढलेली पोर. ती ओठ वाचते, हे त्या शहाण्याला कुठं ठाऊक!

उन्नती जवळ गेली. त्याच्या केसांतलं कापसाचं पीस अलगद काढलं, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

“गाठ बांधायचीय ना? बारीक बांध… टोचायला नको.”