पाण्याखालचा उंबरठा

"म्याडम, फोन तं बंद आहे तुमचा."

मी दचकून वळले. पवनीच्या बसस्टँडवर धुकं असं दाटलं होतं की समोरची चहाची टपरी नुसती वासावरून कळत होती. त्या धुक्यातून एक मफलर, दोन डोळे आणि भरपूर आगाऊपणा माझ्याकडे बघत उभा होता.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काही नाई. केव्हापासून कोनाले तरी शिव्या देऊन राहिले तुमी. म्हनलं, समोरचा ऐकून तरी राहिला का नाई, पाहाव."

"शिव्या नाहीत त्या. जर्मन कविता आहे. पाठ करतेय."

"अस्सं..." तो विचारात पडल्यासारखा झाला. "माफ करा जी. मले वाटलं, बस नाई आली म्हनून कंडक्टरले."

मला हसू आलं आणि त्याचाच रागही आला. राग आला की माझं बाहेर शिकून आलेलं मराठी गळून पडतं आणि मी सरळ भंडाऱ्याची होते.

"तुमाले काय कराचं आहे? तुमी आपलं काम करा ना!"

"हाव! आता समजलं बा एकदम," तो खूश होऊन म्हणाला. "आपल्याच इकडच्या दिसता."

होतेच. मी तृप्ती. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, फॅक्टरीचा भोंगा ऐकून उठणारी. बाबा फॅक्टरीत नोकरीला. मुलगी शिकते याचा त्यांना अभिमान, पण काय शिकते हे कॉलनीत समजावून सांगताना त्यांची बिचाऱ्यांची तारांबळ उडायची. शेजारच्या कुंताबाईंनी तर एकदा तोंडावरच विचारलं होतं, "पीएचडी, तेबी जर्मनमंधी? काहून वो, इंग्रजी संपली का?"

माझा विषय होता, धरणात बुडालेली गावं आणि त्यांच्यावरचं जर्मन साहित्य. तिकडेही धरणं झाली, गावं गेली, लोक उठले आणि त्यांच्या लेखकांनी त्यावर पुस्तकं लिहिली. हैदराबादला माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिली प्रकरणं वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, "तुझ्या जिल्ह्यात एवढं मोठं धरण आहे आणि तू बुडालेली गावं पुस्तकात शोधतेस? आधी जिवंत माणसांना भेट. ते प्रकरण नसेल तर तुझा प्रबंध अर्धाच राहील." म्हणून मी हिवाळ्यात घरी आले होते. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या बोरटोल्याच्या सखाबाई खूप काही सांगतात, असं बाबांच्या एका मित्राने कळवलं होतं.

बस काही आली नाही. मफलरवाला गेला आणि थोड्या वेळाने पिकअप घेऊन हजर झाला. मागे बर्फाचे रिकामे खोके होते, आणि वास... वासाबद्दल काय सांगावं!

"नव्या बोरटोल्याले जाऊन राहिलो. मासोळीचा वास चालन तं बसा."

"जर्मनीतही मासे खातात," मी नाक दाबत म्हटलं.

"मंग तं जमलं."

तो कैलाश. मच्छीमार संस्थेची मासोळी रोज पहाटे नागपूरच्या बाजारात पोचवायचा. गाडीत मी सखाबाईंचं नाव घेतलं तेव्हा त्याने ब्रेक मारून माझ्याकडे बघितलं. "ते तं माही आजी आहे!"

सखाबाई नव्या घराच्या ओट्यावर झिंगे वाळत घालत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पण घरात बसून बोलायला साफ नकार दिला. "गावची गोष्ट गावातच सांगन मी. ऐतवारी ये. कैलाश डोंग्यात घेऊन जाईन."

त्या रविवारी आम्ही तिघं डोंग्यात बसून निघालो. पाणी शांत होतं, पलीकडच्या काठाला लाखोळीची निळी फुलं दिसत होती. पाण्याच्या मध्यात एक वाळलेली चिंच तेवढी डोकं वर काढून उभी होती. चिंचेचा शेंडा आणि मागच्या टेकडीची खाच एका रेषेत आली आणि कैलाशने वल्हं उचलून धरलं. मी मात्र रेकॉर्डर चालू आहे ना हे बघण्यात गुंतले होते. मग घोकून आणलेला प्रश्न विचारला.

"आजी, गाव बुडालं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

सखाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं. काठावर येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुमच्या घरी पाव्हने चपला घालूनच अंदर येतेत का?"

आणि त्या निघून गेल्या. मी काठावर तशीच उभी राहिले. एवढं शिकून मी नेमकं काय चुकले, तेसुद्धा मला कळत नव्हतं!

कैलाशने गाडीत बसल्यावर सांगितलं. "चिंच अन् खाच एका लाइनीत आली ना, तिथं आमचं दार आहे. तुमी दारात उभ्या होत्या. मधात पानी होतं, एवढंच."

तेव्हा आठवलं. आजी आणि नातू दोघांनीही डोंग्यात चपला काढल्या होत्या. मला वाटलं, ओल्या होतील म्हणून.

"सारेच काढतेत," तो म्हणाला. "पाव्हना असन तं दार गेल्यावर परत घालते. घरचा मानूस नाई घालत, काठावर येऊन वर चढेपर्यंत अनवानीच राहते. घरात कोनी चपला घालते का?"

मला रडू फुटलं. प्रबंधाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. जी माणसं पाण्यातसुद्धा उंबरठा जपतात, त्यांच्या दारात मी पट्ट्यांच्या सँडल घालून प्रश्नावली वाचली होती. कैलाशने कागदाचा पुडा पुढे केला. उकडलेले शिंगाडे होते.

"खा. मीठ कमी पडलं आहे... तुमच्या डोळ्यातलं जराक पडू द्या."

रडता रडता हसणं किती वाईट दिसतं, हे मला त्याच्या गाडीच्या आरशात पहिल्यांदा दिसलं. त्यालाही दिसलं असणार, कारण तो नंतर बराच वेळ आरशातच बघत होता.

पुढच्या रविवारी मी काठावर असतानाच सँडल काढायला निघाले. "येवढी घाई नको," सखाबाई म्हणाल्या, "दार येऊ दे." दार आलं. मी पाय उघडे केले, प्रश्नावली पिशवीतच ठेवली आणि गप्प बसले. मग सखाबाई स्वतःहून बोलू लागल्या. इथं चूल होती, तिथं जाळी वाळायची, त्या कोपऱ्यात धनीराम जन्मला. धनीराम म्हणजे कैलाशचे वडील. दार मागे पडलं तशी मी पाहुणीसारखी सँडल पुन्हा चढवली, आणि सखाबाईंनी मान हलवली. पास झाले होते मी!

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. रविवारच कशाला, नागपूरहून परतताना कैलाशची पिकअप जवाहरनगरच्या गेटपाशी थांबू लागली. कधी हवा भरायला, कधी इंजिन गार करायला. हिवाळ्यात इंजिन एवढं गरम होणारी जिल्ह्यातली ती एकच गाडी असावी.

"आज काय बिघडलं?" मी विचारायची.

"डायवर," तो म्हणायचा.

'तुमी'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एकदा पाण्यावर वारा सुटला तेव्हा त्याने न बोलता मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला. त्या मफलरला मासोळीचा वास होता, आणि मला तो अजिबात खटकला नाही. त्या दिवशी मी घरी येऊन स्वतःलाच म्हटलं, तृप्तीबाई, गेलात तुम्ही कामातून!

मग फेब्रुवारीत ईमेल आला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने मला वर्षभराची शिष्यवृत्ती दिली होती. जी पुस्तकं इथं मिळत नाहीत, ती तिथं बसून वाचायची. एप्रिलमध्ये निघायचं. मी धावत गेटवर गेले आणि कैलाशला सांगितलं.

"जा ना," तो लगेच म्हणाला. फारच लगेच.

"बस, एवढंच?"

"अजून काय? चांगलीच गोष्ट आहे. कायले थांबाचं?"

आणि इंजिन न तापवता निघून गेला. पुढचे दोन रविवार डोंग्यात तो माझ्याशी हवापाण्यावर बोलला. मी चिडले, रुसले, चिंचेवरच्या बगळ्याशी जर्मनमध्ये बोलून पाहिलं, तरी गडी ढिम्म! जायचं तर मला होतंच. ते शिक्षण मी कुणासाठी सोडणार नव्हते. पण मी त्याची कोण आहे, हे कळल्याशिवाय विमानात बसायचं? वर्षभर परक्या देशात तोच प्रश्न उशाला घेऊन झोपायचं? ते मला जमणार नव्हतं.

म्हणून आधी मी आईला सांगितलं. आईने कणीक मळायची थांबवली. "धिवराचा, मासोळीवाल्याचा पोरगा?" मग थोड्या वेळाने, "चांगला आहे का वो?" मी नुसतं "हाव" म्हटलं. बाबांना तिनेच सांगितलं. ते दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपरमागून आवाज आला, "त्याची पिकअप ॲव्हरेज किती देते?" आमच्या बाबांच्या भाषेत याचा अर्थ, आणा एकदा घरी.

आता उरला होता तो मुलगाच.

मार्चचा शेवटचा रविवार. काठावर मोहफुलं सांडली होती आणि त्यांचा गोड, जड वास डोंग्यापर्यंत येत होता. सखाबाई पुढे बसल्या होत्या, मी मध्ये, मागे वल्हं घेऊन तो. माझी ही निघण्याआधीची शेवटची फेरी. 

मी समोर बघत होते. चिंचेचा शेंडा हळूहळू सरकत टेकडीच्या खाचेकडे निघाला... अजून थोडा... अजून. मी वाकले, सँडलचे पट्टे सोडले आणि अनवाणी पाय डोंग्याच्या ओल्या लाकडावर ठेवले. त्याच क्षणी मागे वल्हं थांबलं. कुणाला मला सांगावं लागलं नव्हतं.

सखाबाईंनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. मग वल्हं पुन्हा चालू झालं. दार मागे पडलं, चिंच मागे पडली. मी सँडलना हात लावला नाही.

"तृप्ती," मागून आवाज आला. "दार गेलं."

"मले माहीत आहे."

"चपला घाल ना मंग."

"काहून?" मी वळले नाही. वळण्याची हिंमतच नव्हती. "घरात कोनी चपला घालते का?"

वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज आला आणि मग ते पकडण्याची धांदल. डोंगा गर्रकन अर्धा फिरला. सखाबाई ओरडल्या, "बुडवतं का बे आता आमालेबी!"

डोंगा सावरला. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग, अगदी हळू...

"म्या थांब म्हनलं असतं ना, तं तू थांबली असती. अन् मंग जलमभर मले बोलली असती."

"थांबलेच नसते," मी म्हटलं. "पण म्हणून तू काहीच बोलायचं नाही?"

"बोलाचं होतं. मोबाईलवर पाहून शिकलो. नागपूरपर्यंत रोज घोकून राहिलो." त्याने घसा खाकरला. "कोम्म... कोम्म वीडर."

परत ये. जर्मनमध्ये एवढंच, परत ये. त्याचा उच्चार ऐकून माझ्या बाईंनी नक्की चष्मा काढला असता. मी मात्र चेहरा ओंजळीत घेतला, आणि या वेळी मीठ कमी पडलं नाही.

"येईन," मी म्हटलं. "येणारच आहे. घर इथं आहे ना माझं."

"काय म्हनते तो?" सखाबाईंनी विचारलं.

"परत ये म्हणतो, आजी."

"येवढंच? मले वाटलं, शिव्या देऊन राहिला."

काठ आला. वर जायच्या वाटेवर खडे तापले होते, काटेही होते. सखाबाई आणि कैलाश सवयीने अनवाणी चढले. मी दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला कळवळून उभी राहिले. पण सँडल काही घातल्या नाहीत.

सखाबाईंनी वळून बघितलं. "कैलाश, पाहून काय राहिला? घरच्या मानसाच्या चपला घे. अन् हात दे तिले."

त्याने एका हातात माझ्या सँडल घेतल्या. दुसरा हात पुढे केला. चार पावलांचा चढ आम्ही फार म्हणजे फारच हळू चढलो.

मी जर्मनीला आले ते बूट घालून. सँडल मी परत मागितल्या नाहीत. नव्या बोरटोल्यात, सखाबाईंच्या दारात, त्यांच्या वहाणांशेजारी ठेवलेल्या आहेत.