चौथ्या ओळीचा पहारा

"उघडलं! अगं, उघडलं!" चैताली खुर्चीतून उडालीच.

२००३ सालची मे महिन्याची सुट्टी. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सातवीतल्या रोशनी नि चैताली आणि नामपूरहून आलेला रोशनीचा मामेभाऊ दत्तू अशी तिघांची फौज कामाला लागली होती. रोशनीची आई, ललिताबाई, तिथे सहायक होती. तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला होता, पण ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरवरची पुस्तकांची यादी त्यावर काही केल्या उघडेना! ऑफिसप्रमुख यादवसाहेब "बाईंना जमत नाही" म्हणून मोकळे झाले. तिला स्टोअरमध्ये पाठवायचं पत्रही तयार होतं, फक्त सही बाकी होती. आठ दिवस आईच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता आणि रोशनीला ते बघवत नव्हतं.

म्हणून हा उद्योग. आधी त्यांनी ऑफिसातला दुसरा एक कॉम्प्युटर ग्रंथालयाच्या वायरला लावला. त्यावर यादी उघडली! मग तो बंद करून त्याचा नेटवर्कवरचा ओळख-नंबर ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरला दिला, तर त्यावरही ती उघडली, म्हणूनच चैताली ओरडली होती!

"म्हणजे वायर ठीक, मशीन ठीक, आईही ठीक!" रोशनी म्हणाली. "कुणीतरी नंबर बघून अडवतंय!"

"पन कोन शे तो?" दत्तूने बाह्या सरसावल्या.

तो 'कोण' व्हरांड्यातल्या कपाटात होता, हिरवे दिवे लुकलुकवत. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी 'स्विच' नावाच्या त्या पेटीतच शिरत होत्या. तो बसवणारा सुनीलदादा शेजारीच उभा होता.

"स्विचला मी कुणाला आत सोडायचं त्याची यादी दिलीय," तो ऐटीत म्हणाला. "नंबर आला की तो वरून एकेक ओळ बघतो. जी ओळ पहिली लागू पडेल, तिचं ऐकतो आणि थांबतो. लायब्ररीला परवानगी आहे, ही बघ पाचवी ओळ!"

कपाटाच्या दारावर यादीचा कागद डकवला होता. रोशनी बोट ठेवून वाचू लागली. प्राचार्य, परवानगी. ऑफिस, परवानगी. परीक्षा विभाग, परवानगी. चौथी ओळ: बाकी सगळे बंद.

तिचं बोट तिथेच थबकलं. "दादा, चौथ्या ओळीवरच तो थांबणार! पाचवीपर्यंत पोचतोच कशाला?"

सुनीलदादाचा चेहरा खर्रकन उतरला. "यादवसाहेबांचा हुकूम गं! हजेरीपटावर नवं नाव कायम खाली, तसंच इथेही. अर्जावर त्यांच्या सहीशिवाय मला ओळ हलवता येत नाही, आणि ते ऐकून घेतील तर ना!"

"ऐकतील," रोशनी म्हणाली. तिला भलतंच काहीतरी सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी यादवसाहेब तरातरा ग्रंथालयाकडे आले, तर दारात स्टूल टाकून, हातात एक यादी घेऊन दत्तू बसलेला!

"थांबा! यादी बघू द्या. प्राचार्य? नही. ग्रंथपाल? नही. ललिताआत्या? नही. चौथी ओळ, बाकी सगळे बंद. जा परत!"

"अरे, पाचवी वाच! माझं नाव दिसतंय की त्यात!"

"तुम्हनं नाव शे साहेब, पन खाले शे! लागू पडनारी ओळ भेटनी की थांबानं, आसा नियम शे!"

"कोणत्या गाढवाने केली ही यादी?" साहेब कडाडले. शिपाई, प्राध्यापक, सगळे गोळा झाले.

"तुमच्याच यादीसारखी केलीय, साहेब," रोशनी पुढे येऊन म्हणाली. "स्विचमध्ये लायब्ररीचं नाव असंच खाली आहे. म्हणून माझ्या आईचा कॉम्प्युटर चालत नाही!"

साहेबांनी दत्तूच्या हातातला कागद वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "सुनील, आण तो अर्ज, सही करतो."

दहाच मिनिटांत पाचवी ओळ चौथीच्या वर गेली. ललिताबाईंनी कळ दाबली आणि पुस्तकांची सगळी यादी पडद्यावर सरसर आली!

"शाबास रे पोरांनो!" यादवसाहेब म्हणाले. "आम्ही मोठे चुकलो, तुम्ही शोधून काढलंत." मग सगळ्यांसमोर ते ललिताबाईंकडे वळले. "बाई, चूक माझी होती."

"आणि ते पत्र, साहेब?" आईने सरळ विचारलं. इतक्या खणखणीत आवाजात बोलताना रोशनीने तिला आजवर ऐकलं नव्हतं.

साहेबांनी खिशातून पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं.

आईने ते टराटरा फाडलं.