गुरांचा गुरुवार

मंगळवारी भर दुपारी रुपा शेळी उचलून गुरांच्या दवाखान्यापर्यंत धावत आली, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि पायरीवर एक अनोळखी माणूस बसला होता. शेजारी मोटारसायकल उभी होती. तिचं मागचं चाक पार बसलेलं.

"जरा सरका," रुपा धापा टाकत म्हणाली. "डॉक्टरला फोन करते."

"ते नाही येणार. आज मंगळवार आहे."

"तुमाला काय ठावं?"

"कारण… तो मीच," माणूस उठून उभा राहिला. "म्हणजे डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक. भगीरथ. इथला चार्ज आता माझ्याकडे आलाय. पण माझा वार गुरुवार."

"मंग उघडा की!"

"चावी शेणव्याच्या दवाखान्यात राहिली. धसईला बैठकीला चाललो होतो, इथं पंक्चर झालं."

रुपाने एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "म्हणजे डॉक्टर हाय, दवाखाना हाय, शेळीपन आजारी हाय. फक्त आज मंगळवार हाय."

"अगदी बरोबर," तो ओशाळून म्हणाला आणि लगेच शेळीजवळ गुडघ्यांवर बसला.

बुगडी नावाची ती शेळी डाव्या कुशीला टम्म फुगली होती. त्याने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला.

"काय खाल्लंय?"

"हरभऱ्यात घुसली. हिराबाईच्या. तिच्या शिव्यापन खाल्ल्या."

"शिव्यांनी पोट फुगत नाही. गोडं तेल मिळेल?"

रुपा समोरच्या दुकानातून तेलाची बाटली घेऊन आली. त्याने शेळीचे पुढचे पाय वरच्या पायरीवर ठेवले आणि गालाच्या कडेने तेल थोडं थोडं सोडलं. "घाई केली तर श्वासात जाईल," तो म्हणाला. रुपा त्याच्या सांगण्याप्रमाणे डावी कूस चोळत राहिली. आणि मग तिला ऐकू आलं… तो शेळीच्या कानाशी हळूच बोलत होता.

"गप गो, गप. काय व्हत नाय तुला. सोड वारा… सोड माझी बाय."

बुगडीने मान ताठ केली आणि दोघांच्या मधोमध अशी काही दणदणीत ढेकर दिली, की रुपा मागे सरकली आणि हसतच सुटली. तोही हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होत होते. हे रुपाने उगाचच लक्षात ठेवलं.

"एक इचारू?" निघताना ती म्हणाली. "शेळीशी आमच्यावानी बोलता, आन् माझ्याशी पुस्तकावानी?"

"तुमच्याशी ड्युटीवर बोलतोय."

"आन् तिच्याशी?"

"तिच्याशी…" तो चाकाकडे बघत म्हणाला, "घरातल्यासारखं."

आता हा 'चार्ज' काय असतो, ते सांगून टाकायला हवं. सरकारी दवाखान्यात एक जागा असते. त्या जागेवरचा माणूस निवृत्त झाला, बदलून गेला, की जागा रिकामी राहते. भरती होत नाही, कधी त्यासाठी पैसा नसतो. मग शेजारच्या दवाखान्यातल्या माणसाला सांगतात, ही जागाही तूच सांभाळ. माणूस एकच, कामं दोन, कधी तीन. त्याला म्हणायचं प्रभारी. एका पांघरुणात तीन मुलं झोपवली की प्रत्येकाचे पाय आळीपाळीने उघडे पडतात, तसं हे. भगीरथची मूळ नेमणूक शहापूर तालुक्यात, शेणव्याला. मुरबाड तालुक्यातलं रुपाचं गाव आंबेमाळ त्याच्याकडे आलं ते जादा म्हणून. आंबेमाळच्या वाट्याला आला गुरुवार.

रुपा गावची पशुसखी होती. शिकलेल्या बायकांना शेळ्या-कोंबड्यांचं प्रशिक्षण देऊन गावोगावी हे काम दिलेलं असतं. मानधन थोडं, आणि तेही रखडत येणारं. दवाखान्यात जनावर धरायला परिचर असावा लागतो. ती जागाही रिकामीच होती. म्हणून पहिल्या गुरुवारी रुपा सहज मदतीला गेली. दुसऱ्या गुरुवारी सहज नव्हे.

दवाखान्याचं छत एका कोपऱ्यात खचलेलं होतं, दुरुस्तीचा निधी मंजूर होऊन कुठेतरी अडकलेला. फ्रीज बंद, म्हणून भगीरथ लस बर्फाच्या डब्यात घालून शेणव्याहून आणायचा आणि ऊन तापायच्या आत टोचून संपवायचा. गाईच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला रुपा, मध्ये गाय. सुई टोचली की गाय थरारायची, आणि तिच्या पाठीवरून दोघांची नजर क्षणभर अडकायची.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"मला नाही, गाईला."

"मी कुठं तुमाला धरलं?"

तो खाली बघायचा. तिचा हात खरंच त्याच्या मनगटावर असायचा.

गाव हे बघत होतंच. एके गुरुवारी रुपाने अबोलीचा गजरा माळला, तर हिराबाई काखेत कोंबडी घेऊन रांगेतूनच ओरडली, "गजरा कुनाला गो आज? म्हशीला?"

"देवाला वाह्यला, उरला तो माळला," रुपा म्हणाली.

"तुझा देव मोटारसायकलवर येतो काय?"

अख्खी रांग हसली. भगीरथने सिरिंजमध्ये औषध भरता भरता दोन थेंब जमिनीवर सांडले.

अशी हळूहळू गावाला गुरुवारची सवय लागली. शुक्रवारी गाय लंगडली तरी बायका म्हणायच्या, गुरुवारी दाखवू. कोंबडीने मान टाकली, गुरुवारी दाखवू. आंबेमाळात जणू जनावरांनी आजारी पडायचा वारही ठरवून घेतला होता.

पण आजार वार बघून येत नाही. एप्रिलात एका शुक्रवारी बुधूच्या बैलाला ताप भरला. बुधू गरीब स्वभावाचा, कुणाला त्रास द्यायला नको म्हणणारा. त्याने फोन केला नाही. रविवारी घशाला सूज आली तेव्हा रुपाने फोन लावला. भगीरथ तानशाकडच्या एका पाड्यावर दुसऱ्या जनावराजवळ होता. तिथून तसाच निघाला, पण पोचायच्या आत बैल गेला होता. बुधू गोठ्याबाहेर दावं हातात घेऊन बसला होता. भगीरथ त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

पुढच्या गुरुवारी रांग संपल्यावर रुपा म्हणाली, "एक मेची ग्रामसभा हाय. रंभाताई सांगतात, तू बोल." रंभाताई गावच्या सरपंच. "कायमचा डॉक्टर मागायचाय. वरचे साहेबपन येनारेत."

"मागा की."

"मिळाला… तर तुमचा चार्ज जाईल."

"जाईल." तो बर्फाचा डबा पुसत होता, कोरडा झाला तरी पुसत होता. "इथं रोज माणूस असता तर तो बैल उभा असता, रुपाताई."

ताई! एवढ्या महिन्यांत त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं. रुपाला राग आला. बैलाचा, चार्जचा की त्या ताईचा, ते तिलाच सांगता येईना.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "भगीरथ साहेबांबद्दल आमची कायबी तक्रार नाय," ती म्हणाली. "मानूस सोन्यासारखा हाय. पन आठवड्याला एकदा येनाऱ्या सोन्याचं आमी काय करायचं? आमाला प्रभारी नको. कायमचा मानूस पायजे."

टाळ्या वाजल्या. साहेबांनी लिहून घेतलं. रुपा घरी येऊन गोठा झाडत बसली. तो सकाळीच झाडलेला होता.

आणि सरकारी कामात क्वचित घडतं ते घडलं. नवी भरती झालेली मनस्वी नावाची मुलगी आंबेमाळला रुजू झाली. चुणचुणीत, गोड बोलणारी, रोज दहाच्या ठोक्याला दवाखाना उघडणारी. भगीरथ शेवटच्या गुरुवारी आला, चावी मॅडमच्या हातात दिली, सगळी कपाटं दाखवली. रुपाशी एवढंच बोलला, "सांभाळा." ती म्हणाली, "हो." मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिने पाहिलं नाही. आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकला.

भातलावणी झाली. पण एक गंमत झाली, आणि ती गमतीची नव्हती. दवाखाना रोज उघडा, तरी गाव येत होतं गुरुवारीच! गुरुवारी ही गर्दी. बाकीचे दिवस मॅडम आणि कुत्री.

एका शुक्रवारी मनस्वी मॅडम रुपाला म्हणाल्या, "मी काही वाईट वागते का गं लोकांशी?"

"नाय हो मॅडम. त्यांना सवय लागलीय."

"हे असंच चाललं तर वरून विचारतील, इथं रोजचा माणूस हवा कशाला? मला हलवतील दुसरीकडे. मग पुन्हा आपलं ते, आठवड्यातून एक दिवस, शेणव्याहून कुणीतरी."

पुन्हा… शेणव्याहून… रुपाच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. तिला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. दिवाळीपर्यंत वळणावर तीच मोटारसायकल वाजली असती.

घराकडे जाताना हिराबाई अंगणात भेटली. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलेली.

"काय झालं हिला?"

"कालपासून दाना खात नाय. न्हेईन गुरुवारी."

रुपा उभी राहिली. तिला बुधूच्या हातातलं दावं आठवलं. तिने वाकून कोंबडी उचलली.

"आगो, कुठं न्हेतेस? आज शुक्रवार!"

"शुक्रवारीच न्हेते. चल माझ्यासंगं."

"गुरुवारी तुझा तो…"

"माझा कुनी नाय. गुरुवार संपला, हिराबाई. चल!"

त्या दिवसापासून रुपा घरोघर फिरली. गोठ्यात डोकावायची, लंगडणारी गाय दिसली की दावं सोडून स्वतः ओढत न्यायची. म्हाताऱ्या चिडल्या, म्हातारे हसले. गणपती गेले तोवर सोमवारी दोन जनावरं, मंगळवारी चार, असं होऊ लागलं. नवरात्रात मॅडम म्हणाल्या, "रुपा, आज मला जेवायला वेळ मिळाला नाही." आणि दोघी हसल्या. त्या रात्री मात्र रुपाने उशी डोक्यावर घेतली. आपल्या हाताने आपण वळणाचा रस्ता बुजवला, असं तिला वाटत राहिलं.

भात पिवळं पडलं होतं. रविवारची सकाळ. रुपा बुगडीला चारून परत येत होती, तर दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं. शेजारी मोटारसायकल. या खेपेला दोन्ही चाकं धड होती. खांद्याला औषधाची पिशवी नव्हती, आणि शर्टाला इस्त्री होती.

रुपा चार हातांवर थांबली. "दवाखाना बंद हाय. आज आयतवार."

"ठावं हाय," भगीरथ म्हणाला. "म्हून तं आलो."

ती बघतच राहिली. "आज पुस्तक घरी ठेवलं काय?"

"ड्युटीवर नाय मी. चार्जबी नाय. नुसता आलोय."

"कशाला?"

"मॅडम बैठकीत भेटल्या. म्हनाल्या, रुपानं गावचा गुरुवार मोडला." त्याने बुगडीच्या कपाळावर खाजवलं. "ऐकून बरं वाटलं. आन् वाईटपन वाटलं. लय वाईट… मंग मला वाटलं, माझा गुरुवार गेला तं गेला, जाऊन इचारावं तरी."

"काय इचारायचं?"

"गाईच्या त्या अंगाला मी उभा रहायचो… ती जागा रिकामी हाय का?"

"तिथं आता मॅडम असतात."

"दवाखान्यात. घरच्या गोठ्यात?"

रुपाने बुगडीचं दावं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"घाई नाय," तो पटकन म्हणाला. "आयतवारी आयतवारी येत जाईन. आठवड्याला एकदा. चालंल?"

"नाय."

त्याचा चेहरा उतरला. तो उठायला लागला.

"बसा," रुपा म्हणाली. "ग्रामसभेत मी काय बोलले ते तुमाला कुनी सांगितलं नाय काय? मला प्रभारी नको. कायमचा मानूस पायजे."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचे डोळे बारीक झाले, तसेच, पहिल्या दिवसासारखे.

"शेनवा सोडता यायचा नाय पन," तो हसता हसता गंभीर झाला. "मी निघालो तं तिथं गुरुवार सुरू व्हईल."

"सोडा म्हनलं कुनी? जा-ये करा. मीपन हितलं काम सोडनार नाय."

"रोजची? एवढं पेट्रोल… भत्ता कोन देनार?"

"ह्याच्याआधी कुनी दिला?"

दोघंही हसले. तेवढ्यात हिराबाई काखेत कोंबडी घेऊन लगबगीने येताना दिसली. मोटारसायकल लांबूनच ओळखली होती तिने.

"आज गुरुवार हाय काय रे?"

"नाय आजी, आयतवार."

"मंग तू हितं कशाला?" तिने त्याच्या शर्टाची इस्त्री पाहिली, रुपाचा चेहरा पाहिला, आणि कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. "बरं बरं. मी उद्या मॅडमला दाखवते. आमचा आता रोजचा डॉक्टर हाय."

ती गेल्यावर भगीरथ पायरीवरच घुटमळला. बंद दाराकडे बघून म्हणाला, "आता कुठं बसायचं? चावी तं माझ्याकडं नाय."

रुपाने बुगडीचं दावं त्याच्या हातात दिलं आणि घराच्या वाटेला लागली.

"चला," ती मागे न बघता म्हणाली. "घरी आई हाय. आन् आमच्या दाराला कुलूप नसतं."