बाधा म्हणजे काय रे, भोंग्या?

खारवलीच्या मैदानावर ईशानी तांडेल खो-खोच्या रांगेत बसली होती आणि तिला कुणी खोच देत नव्हतं. हर्षाली धावत तिच्या पाठीशी आली, हात उचलला, आणि तो तसाच मागे घेऊन पुढच्या मुलीला खो देऊन बसली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ईशानी सरळ उठून उभी राहिली.

"माझ्या पाठीला काटे आहेत का गं?"

हर्षाली संघाची कर्णधार. मान खाली घालून ती म्हणाली, "आईने सांगितलंय, तुला हात लावायचा नाही. तुझ्या बाबांना किरणबाधा झालीय ना! रविवारच्या सामन्यातही तू नकोस, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच."

ईशानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे बाबा गावाबाहेरच्या अणुऊर्जा केंद्रात तंत्रज्ञ होते. आज सकाळीच डबा घेऊन, शीळ घालत कामावर गेले होते. चांगला धडधाकट माणूस! आणि शेजारच्या काकू मीठमोहऱ्या ओवाळून गेल्या होत्या, त्याही उंबऱ्याबाहेर उभ्या राहून. या बाईंना गेल्याच आठवड्यात बाबांनी पंखा दुरुस्त करून दिला होता.

तेवढ्यात रस्त्यावरून भोंग्या आला. भोंग्या म्हणजे केंद्राचा फिरता यंत्रमानव. गावभर सूचना देत हिंडायचं, हे त्याचं काम.

"नागरिकांनी नोंद घ्यावी. केंद्रातील एका तंत्रज्ञास अनुज्ञेय मर्यादेच्या आतील किरणबाधा झालेली असून..."

ईशानी त्याच्या चाकांपुढे आडवी उभी राहिली. "म्हणजे हे तू पसरवलंस होय!"

"मी फक्त सूचना वाचतो. किरणबाधा म्हणजे अंगावर किरणोत्सार (अस्थिर अणूंमधून बाहेर पडणारी किरणं आणि कण) पडणे."

"मग पडला म्हण ना! बाधा म्हटलं की आमच्या गावाला काय आठवतं, माहीत आहे? भूतबाधा! विषबाधा! साथ आली की बाधित घरांना लावतात त्या पाट्या! बाधा एकाची दुसऱ्याला होते, असंच वाटणार ना लोकांना?"

भोंग्याचा दिवा दोनदा लुकलुकला. "ही माहिती माझ्याकडे नव्हती."

"असणार कुठून? आम्हाला विचारलंय कुणी? एवढे शिकलेले लोक तिथे बसतात, त्यांना गावाशी धड बोलता येत नाही! आता नीट सांग. बाबांना काय झालं?"

"एक झडप बसवताना ते थोडा जास्त वेळ तिथे थांबले. छातीचे दोन-चार एक्स-रे फोटो काढताना जेवढी किरणं लागतात, साधारण तेवढी त्यांना लागली."

हर्षाली हळूच जवळ आली होती. "पण लागली म्हणजे अंगावर राहिली ना?"

ईशानी काहीतरी खरमरीत बोलणार होती, पण थांबली. प्रश्न बरोबर होता. तिने जरा विचार केला.

"ऊनही लागतं आणि हळदही लागते," ती सावकाश म्हणाली. "लग्नात हळद लागलेला हात तू माझ्या फ्रॉकला पुसलास तर फ्रॉक पिवळा होतो. पण उन्हातून घरात आलीस तर माझ्या अंगावर ऊन सांडतं का? भोंग्या, बाबांना ऊन लागलं की हळद?"

"ऊन," भोंग्या म्हणाला. "तिथे हळदीसारखी चिकटणारी किरणोत्सारी धूळही असू शकते. म्हणून बाहेर पडताना प्रत्येकाची तपासणी होते. त्यांच्या अंगावर, कपड्यांवर धूळ नव्हती."

"आणि ऊन फार लागलं तर?" हर्षालीने विचारलं.

"फार लागलं तर माणूस आजारी पडतो. म्हणूनच मर्यादा ठरवलेली आहे."

त्याने पोटातून किरणमापक (किरणोत्सार मोजणारं यंत्र) काढला. ईशानीजवळ नेल्यावर तो मधूनच टिक... टिक वाजला. मुली दचकून मागे सरल्या. मग त्याने तो हर्षालीजवळ नेला. तशीच टिकटिक!

"मलाही झाली?" हर्षाली रडकुंडीला आली.

"माती, दगड, आकाश, सगळीकडूनच थोडा किरणोत्सार येत असतो. तो पृथ्वीवर पहिल्यापासून आहे."

हर्षालीने हात पुढे केला. "सॉरी गं. रविवारी तू खेळायचंसच."

"खेळणार आहेच! पण सॉरीपेक्षा आधी मला विचारलं असतंस तर?" ईशानीने हात धरला, पण तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला संताप आला.

मग ती भोंग्याकडे वळली. "ती सूचना पुन्हा द्यायची. आजच! मी सांगते तशी."

केंद्रातल्या साहेबांची परवानगी मिळवायला भोंग्याला बराच वेळ लागला. संध्याकाळी तो आळीत शिरला, तेव्हा मुली त्याच्यासोबत होत्या.

"ऐका हो! आमच्या एका कामगाराला किरणं लागली. ऊन लागतं तशी, हळद लागते तशी नाही. त्यांच्यापासून कुणालाही धोका नाही. काही विचारायचं असेल तर विचारा."

दारं उघडली. काही लोक लगेच आत गेले. कुणी म्हणालं, "पढवलेला पोपट!" पण शेजारच्या काकू रस्त्यावर आल्या. मीठमोहऱ्यांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या भट्टीतलं वापरून झालेलं इंधन कुठे ठेवता रे? त्याची हळद आमच्या विहिरीला लागली तर?"

भोंग्या म्हणाला, "सदर प्रश्न संबंधित विभागाकडे..."

"ए!" ईशानी कडाडली. "काकूंनी तुला विचारलंय. माहीत असेल तेवढं साध्या भाषेत सांग, आणि नसेल तर नाही म्हण."

काकूंनी पायरीवर बसकण मारली आणि ईशानीला हाताला धरून शेजारी बसवलं.