पायसांदूच्या पंपावरचा शिक्का

हिमेना लारोसाने दार वाजवलं नाही; ढकललंच. आत येऊन तिने खासगी गुप्तहेर नेलिदा बेंतांकूरच्या टेबलावर एक फोटो आपटला.

"आमच्या या पंपाने पायसांदूच्या इस्पितळात माणूस मारला. डॉन एल्बियो, म्हातारे पेशंट. इन्सुलिन दहापट गेलं. आणि कंपनी म्हणते, प्रोग्राममधली ती चुकीची ओळ मी लिहिली!"

"लिहिली होतीस?" काखेतला थर्मास खाली ठेवत नेलिदाबाईंनी विचारलं.

"नाही! पण कोणती ओळ कोणाची, हे व्हर्जन कंट्रोलमध्ये दिसतं. तिथे माझं नाव आहे. मला हाकलून दिलं. डॉन एल्बियोंच्या बायकोनं, दोन्या निबियांनी, फोनवर मला खुनी म्हटलं, बाई."

विल्मारने फोटो उचलला. जन्मभर फुटबॉलच्या मॅचमध्ये शिट्ट्या फुंकल्यावर तो आता नेलिदाबाईंचा मदतनीस झाला होता. फोटोत पंपाच्या पडद्यावर आकडे आणि अक्षरं दिसत होती.

"हे काय?"

"शिक्का. ज्या कोडमधून पंपाचा प्रोग्राम बनला, त्याचा."

मोंतेविदेओच्या किनाऱ्यावर कंपनीचं ऑफिस होतं; दोघं तिथे गेले. मुख्य अभियंता फाबियान तेचेराने व्हर्जन कंट्रोलच्या दोन प्रणाली तपासून नवी निवडली होती. आपला अहवाल त्याने अभिमानाने पुढे केला.

"नवीत काय विशेष?" नेलिदाबाईंनी विचारलं.

"प्रत्येकाकडे सगळ्या इतिहासाची कॉपी. शिवाय प्रत्येक बदलाला शिक्का. मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, मागच्या बदलाचा शिक्का, सगळं मिळून तो बनतो. एक अक्षर हललं तर तो आणि त्यापुढचे सगळे शिक्के बदलतात."

"आणि नाव खरं कशावरून? इथे डिजिटल सहीपुढे तुम्ही 'अनावश्यक' लिहिलंय."

"नाव ज्याचं त्याने टाकायचं. आमचा एकमेकांवर विश्वास आहे."

"त्या पोरीला विश्वासानेच हाकललंत काय?" विल्मार उसळला. नेलिदाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

हिमेनाच्या जागेवर गोन्सालो बसला होता. "तिची खुर्ची मिळाली म्हणून मी बदमाश? मी मागितली नव्हती!"

"अपघातानंतर इथे काय झालं?"

"तेचेरा सरांनी सगळ्यांना जुन्या कॉपी पुसून नव्या उतरवायला लावल्या. नव्या प्रणालीची चाचणी म्हणे! माझं अर्धं काम गेलं. असल्या शिव्या घातल्या मी!"

"तेव्हा रजेवर कोण होतं?"

"मिर्ता. बाळंतपणाची."

मिर्ताने दार उघडलं तेव्हा खांद्यावर बाळ किंचाळत होतं. लंगोटांच्या ढिगाखालून तिने लॅपटॉप ओढला.

"सर सारखे फोन करतात, कॉपी पूस म्हणून. इथे मला केस विंचरायला वेळ नाही!"

दुसऱ्या दिवशी मालकीण सेन्योरा इरिगोयेन यांच्या खोलीत सगळे जमले.

"नवे बदल घ्यायचे तर ते जुन्या कॉपीतच उतरवता येतात," नेलिदाबाई म्हणाल्या. "कॉपी पुसावी लागते ती मागचा इतिहासच बदलला तर. कारण मग जुनी कॉपी चुगली करते. तेचेरा, तुम्ही त्या ओळीवरचं नाव बदललंत. मिर्ताच्या कॉपीत तिथे तुमचं नाव आहे."

"नाव कोणीही टाकू शकतं!" तेचेरा ओरडला. "मिर्तानेच टाकलं असेल!"

"म्हणून तर मी नावावर थांबले नाही." बाईंनी फोटो पुढे सरकवला. "हा शिक्का माणूस मेला त्या पंपावरचा. तुमच्या आजच्या इतिहासात तो कुठेच नाही. मिर्ताच्या कॉपीत आहे. तो बनला तेव्हा ओळीवर तुमचंच नाव होतं. ऑफिसातले सगळे लॅपटॉप पुसलेत, पण इस्पितळातला पंप कसा पुसणार?"

विल्मारला आता कुठे सगळं कळलं.

"एक शून्य जास्त पडलं," तेचेरा पुटपुटला. "मला घर आहे, पोरं आहेत..."

"मला नाहीत म्हणून मी खुनी?" हिमेनाचा आवाज फाटला. "चूक कोणाचीही होते. पण त्या बाईचे शिव्याशाप तू माझ्या नावावर लावलेस. रोज माझ्यासमोर बसून जेवलास!"

सेन्योरा इरिगोयेन घाईने उठल्या. "हिमेना, तुझी जागा आजपासून तुझीच. आपण नीट पत्र काढू."

"पत्र नको. फोन उचला."

"आत्ता?"

"आत्ता. दोन्या निबियांना. स्पीकरवर."

खोलीत फक्त पलीकडच्या घंटीचा आवाज होता. मग एक थकलेला आवाज आला, "कोण?"

मालकिणीने फोन तेचेरापुढे धरला. तो मागे सरकला. विल्मार दारात जाऊन उभा राहिला.

"कोण बोलतंय?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"सांग," हिमेना म्हणाली. "तुझं नाव सांग."