तळ्यावरचा कॅमेरा

मासळीची टोपली घरी ठेवून, लुगडं बदलून, वेसाव्याच्या अंजनाबाई भर दुपारी अंधेरीच्या त्या ऑफिसात आल्या. मुलगा जिथं गेला ती जागा त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती.

अलास्कात ध्रुवीय प्रकाश बघायला गेलेल्या पर्यटकांना तो कधी, कुठं दिसेल हे अर्धा तास आधी कळवायचं, हे त्या ऑफिसचं काम. सूर्याकडून येणारा वारा उपग्रह मोजतो; ते आकडे बघून दर्शना इथून निरोप धाडायची. तिथं गाडी घेऊन जाणारा अंजनाबाईंचा कृणाल. गेल्या थंडीत तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. तो सापडलाच नाही.

"बसा, मावशी." दर्शनानं खुर्ची पुढे केली.

इथं ऊन रणरणत होतं, तिथं रात्र. पडद्यावर त्याच तळ्याकाठच्या कॅमेऱ्यातलं काळ्याभोर आभाळाचं चित्र दर मिनिटाला बदलत होतं.

"आमचा दर्या माणूस ठेवून घेत नाय गो, पोरी," अंजनाबाई पुटपुटल्या. "आज ना उद्या परत देतोच..."

तेवढ्यात आकडे चढले. आभाळात हिरवा पट्टा उजळला, आणि त्या उजेडात तळ्यावर कुणीतरी उभं दिसलं. दर्शनानं घाईघाईनं तिथं पर्यटकांसोबत असलेल्या शर्मिष्ठाला फोन लावला.

"अगं, तळ्यावर कोण गेलंय? मागे बोलव ना!"

"कुणीच नाही, यार. सगळे गाडीत आहेत..."

पुढच्या चित्रात ती आकृती जवळ आली होती. त्यापुढच्यात आणखी जवळ. डावा खांदा किंचित पाडून चालणारी.

"काकडलाय गो माझा लेक..." अंजनाबाईंनी पडद्यावर तळवा टेकवला. "चल रे बाबा. घरी चल."

चित्र पांढरं पडलं. वर्षभर न रडलेली ती बाई ढसाढसा रडली. दर्शनानं तिला रिक्षात बसवून दिलं.

परत येते तो शर्मिष्ठाचा फोन. आवाज अगदी खाली आलेला.

"बॅटरी घेऊन बघून आले. तळ्यातून कॅमेऱ्यापर्यंत ओली पावलं आहेत, गोठलेली... परत गेलेली नाहीत गं."

दर्शना तशीच उठून वेसाव्याला गेली. वाळत टांगलेले बोंबील उन्हात तडतडत होते. अंजनाबाईंचं दार लोटलेलं. फटीतून गार हवा तिच्या पावलांवर आली.

"मावशी?"

दार उघडलं नाही. आतून फक्त हलका, समाधानी आवाज आला.

"हळू बोल, पोरी... आत्ताच डोळा लागलाय त्याचा."