आप्पांच्या कवळीचा आवाज

पन्नाशीला टेकली तरी बेबी ही बेबीच होती. तिचं पाळण्यातलं नाव बँकेला आणि मतदार यादीला तेवढं ठाऊक. लॅबमधला पॉलिशवालासुद्धा तिला बेबीताई म्हणायचा, आणि त्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटत नसे.

लॅब म्हणजे दातांची. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा आणि कवळी तयार करायची. ज्यांचं तोंड तिने जन्मात पाहिलं नाही अशा कित्येकांचं हसू तिच्या हातचं होतं. कामाची जागा म्हणजे एक लांबलचक खोली, खिडकीशी तिचं टेबल, टेबलापाशी एक उंच लोखंडी स्टूल. हे स्टूल बसताना गप्प असायचं आणि उठताना 'कुईं' करायचं. पॉलिशवाला, ज्याला सगळे चमक्या म्हणत, त्यात तेल घालण्याचं आश्वासन दर आठवड्याला द्यायचा. पण ते सरकारी आश्वासनासारखंच होतं.

प्लास्टर एकदा पाण्यात कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. हात कोपरापर्यंत पांढरे असताना फळीवरचा फोन टुंग करायचा. आणि त्याला सगळे सारखेच! नवरा असो, चपलांचा सेल असो, की घरबसल्या कर्ज देणारा कुणी दानशूर असो, टुंग ते टुंगच. बेबीने त्याकडे कानाडोळा करायची सवय लावून घेतली होती.

ही सवय नडली ती आप्पांच्या बाबतीत. आप्पा, म्हणजे तिचे वडील, दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. शाळेत पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी पाठीचा कणा अजून कवायतीतच होता. लेकीने आमच्याकडे राहायला चला म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. एकदा दुपारी टॉवेलवरच गॅलरीत चादर वाळत घालायला गेले, आणि वाऱ्याने दार लागलं. कडी आतून, हे बाहेर. बरोबर फोन होता, तर सरळ फोन करावा की नाही? पण कामातल्या माणसाला हाका मारू नयेत ही मास्तरांची शिस्त. त्यांनी मेसेज पाठवला, आणि समोरच्या इमारतीतल्या बायकांपासून अब्रू वाचवत चादरीआड उभे राहिले. मेसेज चपलांच्या सेलखाली पडून राहिला. बेबीने तो पाहिला तेव्हा उन्हं उतरली होती.

घरात सगळे पोट धरून हसले. बेबीही हसली. पण पाठ टेकल्यावर तिला वाटलं, गॅलरीऐवजी न्हाणीघर असतं तर? आप्पा घसरून पडले असते तर?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्याच दिवशी तिने चमक्याला कामाला लावलं. त्याने दाखवलं: ज्याचा मेसेज त्याच्या नावावर बोट ठेवायचं, सेटिंगमध्ये जायचं, फोनमधले बेचव टोन सोडून द्यायचे आणि आपण रेकॉर्ड केलेला आवाज निवडायचा. बेबीला नादच लागला. नवऱ्याला त्याचा किल्ल्यांचा जुडगा दिला. हॉस्टेलवर असलेल्या मुलीला तिच्या बॅगेची चेन. दवाखान्यांना टुंग पुरे होतं. जाहिरातींचं तोंड तिने कायमचं बंद केलं.

आप्पांनी आपल्यासाठी शिट्टी सुचवली. तशी त्यांनी ती कपाटातून काढून वाजवूनही दाखवली, आणि शेजारच्यांनी दार ठोठावलं. शेवटी बेबीलाच सुचलं. आप्पा जेवण झालं की कवळी काढून टेबलावरच्या काचेच्या वाटीत टाकायचे, तीही तिनेच केलेली कवळी. काचेवर 'टण्', मागोमाग पाण्याचा छोटा 'डुबुक'. जगात असा आवाज दुसऱ्या कुणाचा नसणार. तिने फोन वाटीजवळ धरून तो पकडला आणि पुढचा-मागचा भाग कापून टाकला.

आप्पांनी मग हट्ट धरला, की त्यांच्या फोनमध्ये लेकीचाही आवाज हवा. बोलणं नको, ते रोज ऐकतोच. तेव्हा तिने लॅबमध्ये रबराच्या वाडग्यात प्लास्टर कालवतानाची खरड-खरड रेकॉर्ड करून दिली. आप्पा एकदाही लॅबमध्ये आले नव्हते; तिथल्या वासाने म्हणे त्यांना मळमळलं असतं. पण खरड त्यांना आवडली. कुणीतरी मन लावून काम करतंय असं वाटतं, म्हणाले.

मग सगळं सुरळीत झालं. सकाळी 'टण्, डुबुक': उठलो. दुपारी 'टण्, डुबुक': जेवलो. संध्याकाळी फिरून आले की पुन्हा एकदा. बेबीला फोनकडे बघायचीही गरज उरली नाही. काम करता करता ती ऐकायची आणि गालात हसायची.

एका सकाळी 'उठलो' येऊन गेल्यावर थोड्या वेळाने आवाज पुन्हा झाला. तिने हात पुसून पाहिलं, तर मेसेज नव्हता. फोन म्हटला की तो कधीतरी येड्यासारखं करणारच. तिने विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. टण्, डुबुक, आणि त्याच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. मेसेज नाही. बेबीने सेटिंगमध्ये जाऊन आपलं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. टण्, डुबुक, बस्स. खुर्ची नव्हतीच. तिने स्वतःच तर कापलं होतं ते.

"तू ऐकलंस?" तिने चमक्याला विचारलं.

त्याने ऐकलं होतं. त्याची पॉलिशची मोटर तेव्हा बंद होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी सामान हलवत असेल, तो म्हणाला. वरच्या मजल्यावर गच्ची होती, हे दोघांनाही माहीत होतं.

बेबी भित्री नव्हती. दिवसभर टेबलावर जबडे मांडून बसणाऱ्या बाईला भिऊन चालत नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्या खेपेला टण् आणि डुबुक झालं, खुर्ची सरकली, मग सपाता घासत चालल्याचा आवाज आला आणि एक नळ उघडला. उघडताना तो आधी घसा खाकरल्यासारखा घरघरला. हा नळ ती ओळखत होती. आप्पांच्या स्वयंपाकघरातला होता तो. आप्पांच्या सपाता, आप्पांची खुर्ची.

तिने लगेच फोन लावला. आप्पा न्हाव्याकडे होते, गालाला फेस लावून. घराला कुलूप होतं; एक किल्ली त्यांच्या खिशात, दुसरी बेबीकडे. काय झालं, असं त्यांनी विचारलं. काही नाही, सहज, ती म्हणाली.

त्या दिवशी तिने कवळीचा आवाज फोनमधून काढूनच टाकला. रेकॉर्डिंग पुसलं. आप्पांनाही दवाखान्यांसारखं टुंग दिलं. संध्याकाळी 'आलो' हा मेसेज टुंग करत आला आणि तिला हलकं वाटलं. चमक्या म्हणाला, रोग गेला. तीही हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नुकतंच प्लास्टर कालवायला घेतलं होतं.

टण्. डुबुक.

चमक्याने मोटर बंद केली. खुर्ची सरकली. सपाता चालल्या. नळ घरघरला आणि वाहू लागला. मग काहीतरी जड पडलं, एकदाच. त्यानंतर कसलाच आवाज नाही. नळ तेवढा वाहत राहिला. फळीवरचा फोन विझलेलाच होता, आणि त्यातून पाणी वाहत होतं.

बेबीने पांढऱ्या हातानेच फोन उचलला. नळ बंद झाला. तिने आप्पांना फोन लावला.

"अगं, जेवतोय," आप्पा म्हणाले. आवाज खणखणीत. "आता कशाला?"

तिच्या जिवात जीव आला. बरं वाटतंय ना, तिने विचारलं. त्यांना उत्तम वाटत होतं. आमटी खारट झाली होती, तेवढीच तक्रार. फोन ठेवू नका, मी येतेय, असं ती म्हणाली तेव्हा ती लॅबच्या पायऱ्या उतरतही होती. रबराचा वाडगा तसाच राहिला. एवढ्या वर्षांत तिने कालवलेलं प्लास्टर पहिल्यांदाच टाकून दिलं.

आप्पा कुरकुरत होते. लेकीला दुपारची कामं नाहीत का, वगैरे. फोन कानाला लावून ती जवळजवळ पळत होती. लोक बघत होते. पहिली गल्ली ओलांडली.

कानात आवाज आला. टण्. डुबुक.

हा खरा होता.

"आप्पा, खुर्चीवरून उठू नका."

"अगं, कवळी धुतो नि बसतो. तू ये सावकाश." दात काढल्यामुळे शब्द पोकळ झाले होते.

"आप्पा, नका उठू."

खुर्चीचा पाय फरशीवर घासला.

बेबी भर रस्त्यात थांबली. पुढे काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता येईना. तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो तिचा नव्हता. तो शाळेच्या मैदानावरचा होता, लहानपणी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकलेला.

"खाली बस!"

जन्मात तिने वडिलांना अरे-तुरे केलं नव्हतं. पलीकडे खुर्ची करकरली. ज्या माणसाने आयुष्यभर ती आज्ञा दिली, त्याच्या पायांनी ती निमूट पाळली.

"बसलो, बाई," आप्पा म्हणाले. चिडायचं की हसायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. मग म्हणाले, "बेबी, डोळ्यांपुढे जरा..."

पुढे नुसता श्वास.

ती पळाली. जिना. किल्ली. दार.

आप्पा खुर्चीतच होते. डोकं टेबलावर कलंडलेलं, कपाळाला घाम, हात वाटीशेजारी. श्वास चालू होता. नळ बंद होता.

पुढचं सगळं भराभर झालं. चमक्याने लॅबमधूनच रुग्णवाहिकेला फोन केला होता. बेबीचा चेहरा बघून त्याला सांगावं लागलं नाही. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते, आणि त्यावर इलाज होता. छातीत एक छोटं यंत्र बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चक्कर आली तेव्हा बसलेले होते हे नशीब. उभे असते तर ओट्याची दगडी कड होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. बेबीने मान डोलावली. बाहेरच्या बाकावर बसून ती मनसोक्त रडली. तिचा जीव अखेर भांड्यात पडला होता. हातावरचं प्लास्टर वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या, त्या ती एकेक सोलत बसली.

आप्पा तिच्याकडे राहायला आले, आणि धाड भरल्याची भाषा बंद झाली. महिन्याभरात चेहऱ्यावर तजेला आला. येईल-जाईल त्याला ते सांगत, की आमच्या लेकीने मला भर दुपारी वर्गातल्या पोरासारखं खाली बसवलं. आवाजांचं बेबीने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मनात आलं म्हणून आले, एवढंच म्हणाली, आणि त्यांनी ते मानलं. चमक्याने तर कानाला हात लावले. तो विषयच काढत नसे. तिच्या फोनमध्ये तो आवाज पुन्हा कधी वाजला नाही. रात्री तिला गाढ झोप लागायला लागली. जेवताना आप्पा समोर असत, कवळी वाटीत पडे, टण्, डुबुक, आणि ती निवांतपणे ताटं उचलायची. इतकं सुखाचं घर तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

अशाच एका रविवारी ती आप्पांच्या पलंगाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. लॅब बंद होती. आप्पा पडल्या पडल्या फोन चाळत होते. त्यांचा सदरा उचलून तिने बाही सरळ केली.

"तुझा तो आवाज अजून ठेवलाय मी," आप्पा म्हणाले. "खरड-खरड. दोन दिवस झाले, अधूनमधून वाजतोय. बघतो तर मेसेज नसतो. पण बरं वाटतं हो. तू कामात आहेस, एवढं तरी कळतं."

बेबीचा हात बाहीवर थांबला.

"आज सकाळी मात्र जरा वेगळाच वाजला," आप्पा समाधानाने कूस बदलत म्हणाले. "खरड झाली, आणि मागून 'कुईं' असं झालं. कुणीतरी स्टुलावरून उठल्यासारखं. तुझं तिथं तसलं स्टूल आहे का गं?"